उसना घेतला, परत कधी द्यायचा?



आजची गोष्ट आहे कळंब्याची. कोल्हापूर शहराला अगदी लागून असलेलं, तलावाचं गाव. जानेवारी महिना होता. रस्त्यानं उसाच्या भरलेल्या गाड्या चालल्या होत्या आणि मी एका ओळखीच्या घरी सोप्यात चहा पीत बसलो होतो. त्या घरातली चौथीतली मुलगी वही उघडून बसली होती. वहीत एक वजाबाकी होती आणि तिच्यावर भलीमोठी लाल फुली!

५२ वजा २७. तिचं उत्तर होतं ३५.

तुम्ही म्हणाल, "हॅ! एवढं सोपं चुकलं?" थांबा जरा. तिनं मला काय विचारलं ते आधी ऐका.

"काका, वजाबाकीत शेजारच्या घरातनं एक उसना घेत्यात न्हवं? मग तो परत कधी द्यायचा?"

मला हसू आलं. ती मात्र हसली नाही. म्हणाली, "वर्गात इचारलं तवा पण समदी हसली. आमची आई वाटीभर साखर उसनी आणली तर शिगोशीग भरून परत देती. हितं कुणीच परत देत न्हाई. म्हणून मी उसनं घेतच न्हाई. मोठ्यातनं बारका काढतो." (कोल्हापूरकडच्या मुली 'मी करतो, मी जातो' असंच म्हणतात, बरं का!)

पाहिलंत? दोनातून सात जात नाहीत, म्हणून तिनं सातातून दोन काढले आणि पाच लिहिले. पाचातून दोन गेले, तीन. झाले ३५! ही मुलगी 'ढ' होती का? मुळीच नाही. तिला एक शब्द खरा वाटला होता, एवढंच. आणि तिचा प्रश्न हसण्यावारी गेल्यावर तिनं विचारणंच सोडून दिलं होतं. लाल फुलीपेक्षा मला ते जास्त वाईट वाटलं.

मी म्हटलं, "जा, खराट्याच्या काड्या घेऊन ये."

आम्ही काड्यांचे सारखे तुकडे केले. दहा-दहा तुकडे मोजून रबराने बांधले. पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या मांडल्या. झाले ५२. आता यातून २७ काड्या मला द्यायच्या. तिनं दोन गठ्ठे झटकन उचलून दिले. मग सात सुट्या द्यायला गेली, तर जवळ दोनच! ती काड्यांकडे बघत बसली.

तेवढ्यात रस्त्यानं आणखी एक उसाची गाडी गेली. मी विचारलं, "गाडीत ऊस भरताना काय मोजतात गं? एकेक ऊस?"

"न्हाई. मोळ्या मोजत्यात."

"आणि तुला खायला दोनच ऊस हवे असले तर?"

"मोळी सोडायची!" ती म्हणाली आणि स्वतःच दचकली. तिनं हातातल्या गठ्ठ्याकडे पाहिलं. "ही मोळी सोडू?"

"सोड की! तुझीच आहे."

तिनं रबर काढलं. दहा आणि दोन, बारा सुट्या काड्या झाल्या. त्यातल्या सात मला दिल्या, उरल्या पाच. गठ्ठे उरले दोन. पंचवीस! मग तिनं आपलं जुनं उत्तर तपासलं. ३५ आणि २७ मिळवले तर होतात ६२, पण आपल्याकडे तर ५२ च काड्या होत्या! स्वतःची चूक तिनं स्वतः पकडली. लाल पेनाची गरजच पडली नाही.

मित्रांनो, आता तिच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच द्या. तो एक परत कधी द्यायचा? कधीच नाही! कारण तो कुणाकडून घेतलेलाच नव्हता. ५२ हे एकच घर. त्यातली एक मोळी सुटी केली, एवढंच घडलं. बावन्न काड्या होत्या, मोळी सोडल्यावरही बावन्नच राहिल्या. दुकानात आपण बंदी नोट देऊन सुटे पैसे घेतो, तेव्हा दुकानदाराचं देणं लागतो का? नाही ना? तसंच हे. 'उसना' हा शब्दच आपल्याला फसवतो!

आणि बेरजेतला 'हातचा' कुठून येतो, हेही काड्यांनी कळतं. २८ मध्ये १६ मिळवा. आठ आणि सहा सुट्या मिळून चौदा झाल्या. त्यातल्या दहा बांधल्या की एक नवी मोळी तयार. तीच तुमच्या हातात राहिलेली मोळी म्हणजे हातचा एक! बेरजेत मोळी बांधायची, वजाबाकीत सोडायची.

गंमत इथंच संपली नाही. कोपऱ्यात बसलेले त्या मुलीचे आजोबा इतका वेळ ऐकत होते. ते म्हणाले, "आमच्या येळंला परत द्यायला लागायचं बरं का! बारातनं सात गेलं, ऱ्हायलं पाच. हातचा एक. दोन आन् एक तीन. पाचातनं तीन गेलं, ऱ्हायलं दोन. पंचवीस!"

नात ओरडली, "आबा, तुम्ही परत दिला!"

खरंच की! आजोबांनी वरच्या पाच दशकांना हातच लावला नाही. वर दोनाचे बारा केले आणि खाली दोन दशकांची तीन केली. म्हणजे वर दहा वाढवले आणि खालीही दहाच वाढवले. मग उत्तर कसं बदलणार? तुम्ही आणि तुमचा धाकटा भाऊ यांच्या वयात आज तीन वर्षांचं अंतर असेल, तर दहा वर्षांनी किती असेल? तीनच! दोघंही दहा वर्षांनी मोठे झालात ना! आजोबांची युक्ती हीच. तुमच्या घरी आजी-आजोबा असतील तर त्यांना एक वजाबाकी मोठ्यानं बोलत करायला सांगा. बघा, ते मोळी सोडतात की दोन्हीकडे दहा वाढवतात.

खडे, बिया, काड्या घेऊन गणित शिकणं हे काही नवीन खूळ नाही. हिशेबाच्या यंत्राला आपण कॅल्क्युलेटर म्हणतो. तो शब्द आला 'कॅल्क्युलस' या लॅटिन शब्दापासून, आणि त्याचा अर्थ आहे छोटा खडा! इटलीतल्या डॉक्टर मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये बालगृह सुरू केलं. त्यांच्या पद्धतीत मुलं मण्यांनी संख्या शिकतात. एक सुटा मणी, दहा मण्यांची कांडी, अशा दहा कांड्यांचा शंभराचा चौरस आणि असे दहा चौरस रचून हजाराचा ठोकळा. हजार म्हणजे केवढे, ते हातात घेतल्यावर समजतं!

पण असे मणी खेड्यापाड्यात कोण विकत घेणार? आपल्या ताराबाई मोडक यांनी त्यावर तोड काढली. १९४५ साली त्यांनी समुद्रकाठच्या बोर्डी गावात (हे गाव आता पालघर जिल्ह्यात आहे) ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. शिंपले, खडे, बिया, पानं, जे परिसरात मिळेल तेच त्यांचं साहित्य! आणि खुद्द कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ साली 'सृजन आनंद विद्यालय' सुरू केलं. मुलांनी अनुभव घेत, स्वतः करून बघत शिकावं, यासाठी त्या अखेरपर्यंत झटल्या. २०२० साली त्या गेल्या, पण त्यांनी लावलेलं झाड उभं आहे.

आता तुमची पाळी! करून पाहा:

शंभर काड्यांची एक मोठी मोळी, म्हणजे दहा-दहाच्या दहा मोळ्या एकत्र बांधलेल्या. अशा तीन मोठ्या मोळ्या आणि दोन सुट्या काड्या घ्या. झाले ३०२. यातून १४७ काढायचे आहेत. सात सुट्या द्यायच्या, तर जवळ दोनच. दहाची मोळी सोडावी म्हटलं, तर मधे शून्य! आता काय? एक मोठी मोळी सोडा. दहाच्या दहा मोळ्या मिळाल्या. त्यातली एक सोडा. आता तुमच्याकडे दोन मोठ्या मोळ्या, नऊ लहान मोळ्या आणि बारा सुट्या काड्या आहेत. वहीत शून्याच्या डोक्यावर नऊ का लिहितात, ते आता कळलं? उत्तर आलं पाहिजे १५५.

इतक्या काड्या मोडल्या म्हणून आईचा खराटा गेला, तर माझं नाव सांगू नका! आइसक्रीमच्या काड्या जमवा, चिंचोक्यांच्या दहा-दहाच्या पुड्या बांधा, काहीही चालेल.

आता आई-बाबांसाठी आणि गुरुजी-बाईंसाठी दोन शब्द.

मोळी मुलालाच बांधू द्या आणि त्यालाच सोडू द्या. आपण बांधून दिलेली मोळी ही त्याच्या दृष्टीनं नुसती जाड काडी असते. सुरुवातीला दहाची नोट घेऊ नका, काड्याच घ्या. मोळीत दहा काड्या डोळ्यांना दिसतात, नोटेत रुपये दिसत नाहीत, ते मानावे लागतात. मोळी पक्की झाली की मग नोटा आणि नाणी घ्या, मग चित्र काढा आणि शेवटी नुसते अंक. काड्या हलवताना मूल काय करतं आहे, ते त्याला मोठ्यानं बोलू द्या आणि तेच लगेच वहीत लिहू द्या. नाहीतर काड्यांचा खेळ एकीकडे आणि वहीतलं गणित दुसरीकडे, असं होतं. काही शाळांत गणिताचं साहित्य खराब होऊ नये म्हणून कपाटात कुलूपबंद असतं. ते खराब झालं तरच कामाला आलं असं समजा!

आणि 'काड्यांची सवय लागली तर?' ही काळजी नको. पांगुळगाडा घेऊन कुणी शाळेत जात नाही. पाय बळकट झाले की मूल तो आपणच सोडून देतं. घाई मात्र आपण करू नये. मुलाचा प्रश्न कितीही मजेशीर वाटला तरी आधी हसू नका. त्या हसण्यानं बंद झालेलं तोंड उघडायला फार दिवस लागतात.

जाता जाता एक कोडं. १००० वजा ३५७. काड्यांनी केलं तर किती मोळ्या सोडाव्या लागतील? आणि एकही मोळी न सोडता, कागदावर झटक्यात उत्तर काढता येईल का? आजोबांची वयाची गोष्ट आठवा. पण दहा वाढवण्याऐवजी दोन्हीकडून एकच कमी करून बघा!

उत्तर पुढच्या आठवड्यात. तोवर बांधा मोळ्या!