पुस्तकांच्या सोबतीने : कुणालाच नको असलेली आलिया

भावांना तिचे घर हवे होते. त्यांचा संसार मोठा, मुलेबाळे पुष्कळ. ती एकटी, तलाकशुदा, मूलबाळ नाही. एवढ्या खोल्या तिला हव्यातच कशाला? आईचेही म्हणणे तेच. घर भाड्याचे होते, नवऱ्याने सोडून दिल्यावर तिच्याकडे राहिलेले. तिने ते सोडले नाही.

ही गोष्ट बैरूतची आहे, पण आपल्यापैकी किती जणींना ती ओळखीची वाटेल! प्रत्येक खानदानात अशी एक फूफी किंवा खाला असते. लग्नकार्यात ती कांदे चिरायला सर्वांना हवी असते. खोल्यांची वाटणी निघाली की मात्र सर्वांत आधी तिची खोली मोजली जाते.

रबीह अलामेद्दीन या लेबनानी वंशाच्या लेखकाची ‘अ‍ॅन अननेसेसरी वुमन’ ही इंग्रजी कादंबरी २०१४ साली आली. नावाचा अर्थ ‘एक अनावश्यक स्त्री’. नायिका आलिया बहात्तर वर्षांची आहे. आलिया म्हणजे उंच, थोर. नावात थोरवी असली तरी नशिबी मात्र अडगळ आली. वडील लवकर गेले, आईचे दुसरे लग्न झाले, त्या घरात आलिया वरचीच ठरली. सोळाव्या वर्षी तिचे लग्न लावले, विसाव्या वर्षी तलाक झाला. पुढे पुस्तकांच्या एका दुकानात नोकरी मिळाली आणि तिथून तिचे खरे आयुष्य सुरू झाले.

या बाईचा एक नेम आहे. दर वर्षी १ जानेवारीला ती एक नवे पुस्तक अरबीत आणायला घेते. इंग्रजी आणि फ्रेंच तिला येते, पण त्या भाषांतली मूळ पुस्तके ती घेत नाही. रशियन, जर्मन, पोर्तुगीज अशा भाषांतल्या पुस्तकांची इंग्रजी आणि फ्रेंच भाषांतरे समोर ठेवून ती तिसरे, अरबी भाषांतर करते. अशी सदतीस पुस्तके झाली. छापले एकही नाही, कुणाला दाखवलेही नाही. कागद खोक्यांत भरून मोलकरणीच्या रिकाम्या खोलीत रचून ठेवले.

वाचताना मला सारखे वाटत राहिले, हे सगळे कशासाठी? मग माझ्याच प्रश्नाची लाज वाटली. हॉलमध्ये बसून चार तास मोबाइल पाहणाऱ्या मुलाला आपण ‘कशासाठी’ विचारत नाही. बाई पुस्तक घेऊन बसली की मात्र विचारतो. पहिली वही वाचण्याच्या हुकमानेच उतरली, हे आपण जलशात अभिमानाने सांगतो. घरी सुनेच्या हातात कादंबरी दिसली की स्वयंपाक झाला का, एवढेच आठवते.

लेबनानमध्ये १९७५ ते १९९० यादवी चालली. त्या काळात आलिया बंदूक जवळ घेऊन झोपे आणि मेणबत्तीच्या उजेडात वाचत राही. तिची एकुलती जिवाभावाची मैत्रीण हॅना आधीच गेली होती. लेखक तिला बिचारी करत नाही, ही या पुस्तकातली मोठी गोष्ट. आलिया खोचक आहे, गर्विष्ठ आहे, शेजारणींना मनातल्या मनात चेटकिणी म्हणते. दीनाशी तिचे फारसे नाते नाही. ते काही वाचकांना खटकेल, मलाही खटकले. शिवाय पानोपानी परदेशी लेखकांची नावे येतात, तिथे आपल्यासारखा वाचक अडखळतो. अशी नावे सरळ ओलांडून जावीत, काही बिघडत नाही. भाषांतराचे वेड मात्र आपल्याला परके वाटू नये. घरात उर्दू किंवा दखनी, शाळेत मराठी, तिलावत अरबीत. आपण रोज एका भाषेतून दुसरीत ये-जा करतच जगतो.

सर्वांत जड प्रसंग आईचा आहे. थकलेल्या, भान हरपत चाललेल्या आईला एक भाऊ आलियाच्या दारात आणून उभी करतो : आता तू सांभाळ. आई मुलीला पाहते आणि किंचाळत सुटते. आईच्या पायांखाली जन्नत असते, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण ज्या आईने कधी जवळ घेतले नाही तिचे काय, हे कुणी सांगत नाही. पुढे आलिया स्वतःहून आईकडे जाते आणि तिचे पाय धुते. माफीचा एक शब्द कुणी बोलत नाही, गळ्यात पडून रडणे नाही. नुसते पाणी आणि म्हातारे पाय. ती पाने मी दोनदा वाचली.

शेवटाकडे पाण्याचा पाइप फुटतो. खोकी भिजतात, इतक्या वर्षांचे काम पाण्यात. तेव्हा त्याच तीन शेजारणी धावून येतात. रोज सकाळी जिन्यात बसून कॉफी पिणाऱ्या, जिच्याशी कधी धड बोलणे नाही अशा बाईच्या घरात त्या शिरतात. केस वाळवायचे यंत्र, इस्त्री, कपड्यांची दोरी, जे सुचेल ते घेऊन एकेक पान वाळवायला बसतात. इतकी वर्षे ही बाई बंद दाराआड काय करत होती, ते त्यांना पहिल्यांदा कळते. पाने वाळता वाळता आलिया पुढच्या १ जानेवारीला कोणते पुस्तक घ्यायचे, याचा विचार करू लागते.