कुलूप लावा, पण तारीख लिहून

मागे वस्तीतल्या समाजमंदिरात एक बैठक झाली. एका तरुण मुलाची औषधं दोन महिने सुटली होती. कानात आवाज येऊ लागले आणि एका रात्री त्याने शेजाऱ्यावर कोयता चालवला. शेजाऱ्याच्या हाताला टाके पडले. बैठकीत शेजारीण उठून म्हणाली, "सिस्टर, तुम्ही त्याचे हक्क सांगता. माझी लेकरं त्याच बोळातून शाळेत जातात. त्यांचे हक्क कुणी सांगायचे?" मुलाची आई खाली मान घालून एवढंच म्हणाली, "त्याला नेलं तर तो परत येईल का?"

आम्हाला दोघींपैकी एकीलाही गप्प करता आलं नाही. दोघींचंही खरं होतं.

वॉर्डात काम करून आणि आता वस्तीत फिरून आम्हाला जे कळलं, ते आधी सांगतो. मानसिक आजार असलेले बहुतेक जण कुणाच्या अंगावर जात नाहीत. उलट तेच मार खातात, लुबाडले जातात. पण थोडे जण उपचार तुटल्यावर, त्यात दारूची भर पडल्यावर, धोकादायक होतात. त्यांचा पहिला घाव बहुतेक वेळा घरातल्या आईवर किंवा बायकोवर पडतो. हे लपवून आपण रुग्णाची बाजू घेत नाही, फक्त त्या बाईला एकटं पाडतो. तसंच, प्रत्येक क्रूर कृत्य म्हणजे आजार नव्हे. कायदा नेमकं हेच विचारतो: कृत्य करताना आपण काय करतो आहोत किंवा ते चूक आहे, हे त्याला मनाच्या आजारामुळे कळतच नव्हतं का? पूर्वी हे भारतीय दंड विधानाच्या कलम ८४ मध्ये होतं, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्ये आहे. ते सिद्ध करायची जबाबदारी आरोपीवर असते.

"वेडाचं सर्टिफिकेट काढलं की सुटला," असं लोक म्हणतात. तसं नसतं. या कारणावरून निर्दोष ठरलेल्या माणसाला न्यायालय सुरक्षित ताब्यात ठेवायला सांगतं, किंवा हमी घेऊन नातेवाइकांच्या हवाली करतं. खरा प्रश्न पुढचा आहे. हा ताबा किती दिवसांचा?

आसामच्या मछांग लालुंगची गोष्ट प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक असावी. १९५१ मध्ये अटक झाली, मग तेजपूरच्या मनोरुग्णालयात रवानगी. १९६७ मध्ये डॉक्टरांनी तो बरा असल्याचं कळवलं. घरी सोडण्याऐवजी त्याला तुरुंगात पाठवलं. खटला चाललाच नाही. २००५ मध्ये, राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने लक्ष घातल्यावर, तो एक रुपयाच्या जातमुचलक्यावर सुटला. तेव्हा त्याचं वय ७७ होतं. ५४ वर्षं गेली. त्याला जन्मभर डांबायचं असं कुणीच ठरवलं नव्हतं. फक्त त्याच्या फाइलवर पुढची तारीख कुणी लिहिली नव्हती.

म्हणून आमचं म्हणणं साधं आहे. माणूस धोकादायक असेल तर त्याला बंद दाराआड ठेवावं लागेल, कधी बराच काळ ठेवावं लागेल. आम्ही ते नाकारत नाही. पण त्या कुलपावर कारण लिहिलेलं हवं, मुदत हवी, आणि मुदत संपल्यावर तपासणारा तिसरा माणूस हवा.

२०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा हेच सांगतो. ज्याने अलीकडे स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा केली, करायचा प्रयत्न केला किंवा धमकी दिली, त्याला संमतीशिवायही दाखल करता येतं. पण त्यासाठी दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं आणि मुदत ३० दिवसांची असते. पुढे वाढवायची तर ९०, मग १२०, मग १८० दिवस, आणि प्रत्येक वेळी पुनर्विलोकन मंडळाची परवानगी लागते. साखळीने बांधायला सक्त मनाई आहे. २००१ मध्ये तमिळनाडूतल्या एरवाडीत साखळीने बांधलेली माणसं आगीत पळूही शकली नाहीत. २८ जण गेले.

कागद चांगला आहे. तुटतं ते दोन ठिकाणी. पहिलं, तुरुंगात. एनसीआरबीच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशातल्या दर चार कैद्यांपैकी तीन कच्चे कैदी आहेत. त्यातला जो आजारी आहे, ज्याला जामीनदार नाही, ज्याच्या घरचे मोलमजुरी सोडून तारखेला येऊ शकत नाहीत, तोच मागे राहतो. असा माणूस कुठल्या वस्तीतला असतो, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

दुसरं, डिस्चार्जनंतर. रुग्ण केसपेपर घेऊन घरी येतो, पंधरा दिवसांच्या गोळ्या संपतात, जिल्हा रुग्णालयाचं एसटी भाडं परवडत नाही. तिसऱ्या महिन्यात पुन्हा कोयता निघतो आणि लोक म्हणतात, सोडलाच कशाला? सोडल्यामुळे नाही, सोडून दिल्यामुळे हे घडतं. महिन्याचं इंजेक्शन जवळच्या आरोग्य केंद्रात मिळणं, आशाताईने दार वाजवणं, यात त्या शेजारणीच्या लेकरांची सुरक्षा आहे आणि त्या मुलाचा हक्कही.

आपण काय करू शकतो? झोप उडणं, संशय वाढणं, गोळ्या थुंकणं ही लक्षणं दिसताच थांबू नका. १४४१६ या टेली मानस क्रमांकावर बोला. घरातलं कोयता, रॉकेल दूर ठेवा. अंगावर येत असेल तर वाद घालू नका, बाहेर पडा, ११२ लावा. पोलीस आले तर सांगा: मानसिक आजारामुळे धोकादायक वाटणारा माणूस रस्त्यावर सापडला, तर त्याला लॉकअपमध्ये नव्हे, २४ तासांच्या आत सरकारी दवाखान्यात न्यायचं असतं. दाखल केल्याचा कागद मागून घ्या आणि त्यावरची तारीख कॅलेंडरवर लिहा. मोफत वकील मिळणं हा रुग्णाचा हक्क आहे, तो मागा.

त्या आईला आम्ही ३० दिवसांची तारीख कॅलेंडरवर गोल करून दिली. शेजारणीलाही सांगितलं, तो परत येईल त्या आठवड्यात आम्ही बोळात असू. तेवढ्याने तिची भीती गेली नाही. पण त्या दिवशी ती आमच्याबरोबर दवाखान्यात यायला तयार झाली.