‘कादंबरी’च्या वाचकांनी न वाचलेले पान

कोणत्याही दीर्घ गद्यकथेला मराठी माणूस ‘कादंबरी’ म्हणतो. हिंदी व बंगाली भाषांनी त्यासाठी ‘उपन्यास’ हा शब्द स्वीकारला, गुजरातीने ‘नवलकथा’ हा शब्द घडविला. मराठी आणि कन्नड या दोन भाषांनी मात्र एका प्रेमकथेच्या नायिकेचे नाव उचलून ते साऱ्या वाङ्मयप्रकाराला देऊन टाकले. ही नायिका बाणभट्टाची. सातव्या शतकात, सम्राट हर्षाच्या आश्रयाने राहिलेल्या या कवीने प्रेम आणि मरणोत्तर जीवन यांची जी कथा रचली, तिचे नाव आपण रोज उच्चारतो. पण ती कथा किती जणांनी वाचलेली असते?

ज्यांनी वाचली, त्यांची मते ऐकण्यासारखी आहेत. एका पक्षाला ही कथा म्हणजे शाप, पोपट आणि पुनर्जन्म यांचा न उलगडणारा गुंता वाटतो. असल्या गोष्टींनी समाज दैववादी झाला, असा आरोपही त्यास जोडला जातो. दुसऱ्या पक्षाला तीच कथा जन्मोजन्मीच्या निष्ठेचे स्तोत्र वाटते. पतीमागे प्राण देण्यास सिद्ध होणाऱ्या स्त्रीचा तो आदर्श असल्याचे तो पक्ष सांगतो. एक नाक मुरडतो, दुसरा हात जोडतो. गंमत अशी की, दोघांचा समज एकच आहे. प्रेमाची कसोटी मरणात लागते, असे बाण सांगतो, हा तो समज. बाणाने लिहिले आहे ते मात्र जवळजवळ याच्या उलट आहे.

कथा थोडक्यात अशी. विदिशेचा राजा शूद्रक याच्या दरबारात एक चांडाळकन्या पोपट घेऊन येते. हा पोपट मानवी वाणीने जाबाली ऋषींकडून ऐकलेला वृत्तांत सांगू लागतो. उज्जयिनीचा राजपुत्र चंद्रापीड दिग्विजयाच्या ओघात हिमालयातील अच्छोद सरोवरापाशी पोहोचतो. तेथे त्याला शुभ्रवसना तपस्विनी महाश्वेता भेटते. पुंडरीक नावाच्या मुनिकुमारावर तिचे प्रेम जडलेले असते. पण भेट होण्यापूर्वीच विरहाने तो प्राण सोडतो. तिची सखी कादंबरी ही गंधर्वराजकन्या. महाश्वेता दुःखात असताना आपण विवाह करायचा नाही, असा तिचा निश्चय असतो. चंद्रापीडाला पाहताच तो डळमळतो. पुढे चंद्रापीडही मरतो, पुंडरीक दुसऱ्या जन्मी शापाने पोपट होतो, आणि राजा शूद्रक हाच चंद्रापीडाचा पुढचा जन्म होता, हे अखेरीस उमगते. अर्धी कथा लिहून बाण वारला. उत्तरार्ध त्याच्या पुत्राने पूर्ण केला. परलोकाविषयीची कथा लिहिताना कवीलाच परलोकीचे बोलावणे यावे, हा योगायोग रसिकांच्या मनाला आजवर चटका लावीत आला आहे.

या कथेला मिळालेल्या वाचकांच्या मतांचाच एक इतिहास आहे. बाणाने हाताळला नाही असा विषयच उरला नाही, सारे जग त्याचे उष्टे, असे जुने पंडित म्हणत. अल्ब्रेख्त वेबर या जर्मन पंडिताला हेच गद्य हिंदुस्थानातील घनदाट अरण्यासारखे भासले. वाट काढावी तर झुडपे तोडावी लागतात आणि अनोळखी शब्दांची श्वापदे अंगावर येतात, अशी त्याची तक्रार. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘शालापत्रका’तून पाच संस्कृत कवींवर निबंध लिहिले, त्यांत बाणाला मानाचे स्थान दिले. रवींद्रनाथांनी ‘प्राचीन साहित्या’त या कथेकडे चित्रमालिका म्हणून पाहिले; त्याच ग्रंथातील दुसऱ्या निबंधात, चंद्रापीडाची सेविका व सखी असलेल्या पत्रलेखेची कवीने उपेक्षा केली, असा ठपकाही ठेवला. चारही मते बलवान आहेत. पण त्यांत चर्चा मुख्यतः भाषेची, वर्णनांची आणि पात्रांची.

मराठी मुलखातील वाचकही फार जुने आहेत. मोरिवली हे नाव आज कारखान्यांच्या वसाहतीमुळे कानावर पडते. त्याच अंबरनाथच्या परिसरात वालधुनीच्या काठी शिलाहारांचे शिवालय उभे आहे. तेथील शिलालेख शके 982 चा, म्हणजे इसवी सन 1060 चा आहे. ज्या छित्तराज व मुम्मुणी या राजांची नावे त्या मंदिराशी जोडली जातात, त्यांच्याच दरबारी सोड्ढल नावाचा कवी होता. त्याने ‘उदयसुंदरीकथा’ लिहिली; प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा राजा तिचा नायक, नागकन्या तिची नायिका. बाण हाच सोड्ढलाचा आदर्श होता. अंबरनाथचे दगड घडविले जात होते त्या काळी उत्तर कोकणात बाणाचे अनुकरण करणारा कवी आणि त्याला दाद देणारा राजा दोन्ही होते, ही गोष्ट लहान नव्हे.

आता त्या पानाकडे वळू. महाश्वेता आपली कहाणी सांगून संपविते आणि स्वतःलाच दोष देते. प्रियकर गेला तरी आपण जगलो, याची तिला लाज वाटते. त्यावर चंद्रापीड तिचे सांत्वन करतो. हे सांत्वन बाणाने स्वतः लिहिलेल्या पूर्वार्धात आहे, पुत्राच्या उत्तरार्धात नाही, हे मुद्दाम ध्यानात घ्यावे. मेलेल्या माणसामागे मरणे हे सर्वस्वी निष्फळ आहे, अजाणांनी चोखाळलेली ती वाट आहे, असे तो राजपुत्र स्वच्छ सांगतो. गेलेल्याला त्यामुळे जीवन परत मिळत नाही, त्याचे पुण्य वाढत नाही, त्याचा नरक टळत नाही. दोघांची भेट होईल म्हणावे, तर तीही खात्री नाही. जो तो आपापल्या कर्माने मिळणाऱ्या लोकी जातो, आणि मागून मरणाऱ्याच्या पदरी आत्मघाताचे पाप तेवढे पडते. जिवंत राहणारी व्यक्ती निदान जलांजली देऊन मृताचे भले करू शकते. मेलेली व्यक्ती ना त्याचे करू शकते, ना स्वतःचे. पुढे तो दाखले देतो: मदन जळाला तरी रती जगली, पांडूनंतर कुंती, अभिमन्यूनंतर उत्तरा, जयद्रथानंतर दुःशला जगली.

हा युक्तिवाद बारकाईने पाहण्यासारखा आहे. येथे कोणी परलोक नाकारलेला नाही, कर्मसिद्धान्ताची थट्टा केलेली नाही. उलट, कर्मसिद्धान्त मनापासून खरा मानला तर सहगमनाला अर्थ उरत नाही, असे परंपरेच्याच मापाने परंपरेतील एका रूढीला मोजले आहे. हे सातव्या शतकात, आणि तेही एका प्रेमकथेत! धर्माचा विचार म्हणजे रूढीची पाठराखण, असे मानणाऱ्यांनी हे पान वाचावे. रूढी म्हणजेच धर्म, असे मानणाऱ्यांनी ते आधी वाचावे.

यावर आक्षेप घेता येतो, आणि तो फेटाळण्याजोगा नाही. महाश्वेता चितेवर चढण्यास सिद्ध झालेली असताना एक दिव्य पुरुष उतरून पुंडरीकाचा देह घेऊन जातो आणि पुनर्भेटीचे आश्वासन देतो. ती जगते ती त्या आशेवर. ज्या सामान्य स्त्रीसाठी आकाशातून कोणी उतरत नाही, तिने काय करावे? शिवाय याच बाणाने ‘हर्षचरिता’त हर्षाची माता यशोमती पतीच्या निधनाआधीच अग्निप्रवेश करते, ते करुणगंभीर शब्दांत रंगविले आहे. पण त्याच ग्रंथात हर्ष विंध्यारण्यात धावत जाऊन चितेच्या उंबरठ्यावरून आपली विधवा बहीण राज्यश्री हिला परत आणतो. बाणाच्या मनात हा प्रश्न मिटलेला नव्हता, असेच यावरून म्हणावे लागते. तथापि चंद्रापीडाने दिलेले दाखले पाहा. कुंतीला वा उत्तरेला मृत पतीच्या पुनर्भेटीचे आश्वासन कोणी दिले होते? त्यांच्यामागे लहान मुले होती, किंवा यायचे मूल होते. युक्तिवादाचे बळ आकाशवाणीत नसून या स्त्रियांत आहे.

आणि तरीही हे पान समाजाच्या कानी पोहोचले नाही. 1772 साली थेऊरला थोरले माधवराव गेले आणि रमाबाई सती गेल्या. त्यांचे वृंदावन आजही तेथे दाखविले जाते. 1829 साली बंगालमध्ये सतीबंदीचा कायदा झाला, तो परक्या राज्यकर्त्यांच्या सहीने. बाणाची शैली घोकणारे पंडित या देशात शतकानुशतके होते. समासांची फोड करणाऱ्यांना त्या समासांतून कोण बोलत आहे, हे ऐकू आले नसेल तर दोष कवीचा कसा?

मराठी कादंबरीचा जन्मच विधवेच्या दुःखातून झाला. 1857 चे बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ असो की हरिभाऊ आपट्यांचे ‘पण लक्षांत कोण घेतो!’, पतीमागे उरलेल्या स्त्रीने कसे जगायचे, हाच तेथला प्रश्न. त्या लेखनाची प्रेरणा आधुनिक होती, याविषयी वाद नाही. परंतु ज्या कथेचे नाव या वाङ्मयप्रकाराने घेतले, तिच्या मध्यावर तोच प्रश्न बाराशे वर्षांपूर्वी उभा होता, हे आपल्या समीक्षेने क्वचितच नोंदविले.

हिंदी चित्रपटांनी पुनर्जन्म लोकप्रिय केला. 1980 च्या ‘कर्ज’मध्ये पुढचा जन्म मिळतो तो मागचा हिशेब चुकता करण्यासाठी. ‘कादंबरी’त मात्र हिशेब कोणाचाच चुकता व्हायचा नसतो. उत्तरार्धात चंद्रापीड निष्प्राण पडल्यावर कादंबरीही मरणास सिद्ध होते. पण देह जपण्याची दिव्य आज्ञा होते आणि ती मागे फिरते. मग अच्छोदाच्या काठी, पावसाळ्याच्या सरी कोसळत असताना, ती रोज त्या देहाची पूजा करते आणि तो कोमेजला तर नाही ना, हे पाहते. शेजारी महाश्वेता असते. दोन सख्या एकमेकींना जगवीत राहतात. पुढे सारे परत भेटतात तेव्हा रवींद्रनाथांची तक्रारही उत्तरार्धाने जणू आधीच ऐकलेली दिसते. कारण त्या आनंदात पत्रलेखा कोठे दिसत नाही, ही विचारणा करते ती कादंबरीच.