डिस्टिंक्टची पळवाट

रिपोर्टमध्ये एकच ग्राहक दोनदा दिसला की सिलेक्टच्या पुढे डिस्टिंक्ट ठोकायचं आणि टिकिट बंद करायचं, हे आपल्या डेव्हलपर मंडळींच्या अंगवळणी पडलं आहे. मी याला कामचुकारपणा म्हणतो. ओळी दुप्पट का झाल्या? जॉइनमधली अट राहून गेली, की टेबलातच नोंद दोनदा शिरली? डिस्टिंक्ट हा प्रश्नच गाडून टाकतो. तोच सममध्ये घुसवलात, तर ग्राहकाने भरलेले ५०० रुपयांचे दोन खरे हप्ते एकच धरले जातात. निम्मे पैसे हिशेबातून गायब!

आयबीएमच्या एडगर कॉड यांनी १९७० साली रिलेशनल मॉडेल मांडलं, तेव्हा रिलेशन म्हणजे संच आणि संचात तीच ओळ दोनदा येत नाही, हा त्याचा पाया होता. एसक्यूएलने ती सक्ती सोडली. राखणीचं काम टेबल रचणाऱ्याच्या गळ्यात आलं. ते टाळायचा हक्क त्याला कोणी दिलेला नाही.

साफसफाईही धड होत नाही. ग्रुप बाय आणि हॅविंग काउंटने दुहेरी नोंदी सापडतात. रो-नंबर आणि पार्टिशन बायने क्रमांक देऊन पहिलीनंतरच्या उडवताही येतात. पण पहिली कोणती, हे ऑर्डर बायमध्ये विचार करून ठरवावं लागतं. उडवायच्या नोंदीला जोडलेली बिलं आधी टिकणाऱ्या नोंदीकडे वळवावी लागतात. हे न करता डिलीट चालवणारा माणूस लोकांचे व्यवहार अनाथ करतो.

आणि लगेच युनिक कन्स्ट्रेंट लावला नाही, तर सगळी मेहनत पाण्यात. ‘आम्ही कोडमध्ये आधी तपासतो’ हे मला ऐकवू नका. एकाच क्षणी दोन रिक्वेस्ट येतात, दोन्हींना नोंद सापडत नाही, दोन्ही इन्सर्ट करतात. पोस्टग्रेसमध्ये २०१६ पासून असलेलं ऑन कॉन्फ्लिक्टसुद्धा युनिक इंडेक्सच्याच जोरावर चालतं.

मराठी नावांची तर कोणी पर्वाच करत नाही. ‘कऱ्हाडे’मधला अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच, पण पोस्टग्रेसच्या नेहमीच्या तुलनेत ती दोन वेगळी आडनावं ठरतात आणि युनिकमधून आरामात निसटतात. साठवण्याआधी नाव एका रूपात आणणं हे तुमचंच काम आहे.

दुहेरी नोंदीमुळे एखाद्याला दोनदा बिल जातं. चुकीची ओळ उडवली तर त्याने पैसे भरल्याचा पुरावाच नाहीसा होतो. त्या माणसाला तुमचं टेबल बघता येत नाही, जाब विचारायला तो क्वेरी लिहू शकत नाही. म्हणून युनिक कन्स्ट्रेंट नसलेलं ग्राहकांचं टेबल मी रिव्ह्यूमध्ये मंजूर करत नाही. कोणीच करू नये.