शिकाऊ सिस्टर खाटेजवळ येते तेव्हा

"शिकाऊ पोरींच्या हातात आमचा माणूस देऊ नका हो!" दवाखान्यात भरती केलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांकडून ही तक्रार नेहमी ऐकू येते. माझी बरीच वर्षे परिचारिकांना शिकवण्यात गेली. त्या अनुभवावरून सांगते, की ही भीती अगदीच निराधार नाही. मात्र राग चुकीच्या माणसावर निघतो.

कोणतीही परिचारिका पुस्तक वाचून तयार होत नाही. पुण्यात १९०९ साली रमाबाई रानडे यांनी सेवासदन सुरू केले आणि मुलींना परिचारिकेच्या शिक्षणाची वाट दाखवली, तेव्हा त्या मुलींनाही ससूनच्या वॉर्डातच जावे लागले. आज इंजेक्शनचा पहिला सराव बाहुलीवर करता येतो. परंतु बाहुली कण्हत नाही, घाबरत नाही, हात मागे घेत नाही. ते सारे रुग्णाच्या खाटेजवळच शिकावे लागते.

खाटेजवळचे शिक्षण म्हणजे काय, याचे एक उदाहरण देते. मावळातील बेडसे गावी आम्ही विद्यार्थिनींना घरभेटीसाठी नेले होते. भातलावणीचे दिवस, बाहेर चिखल, घरात आठ महिन्यांचे बाळ खोकल्याने बेजार. विद्यार्थिनीने पंधरा सेकंद श्वास मोजले, अकरा भरले. चारने गुणून तिने वहीत ४४ लिहिले. मी तिला म्हटले, "बाळ शांत होऊ दे. मग पोटाकडे बघत पूर्ण एक मिनिट मोज." या वेळी आकडा आला ५४. दोन महिन्यांपासून एक वर्षापर्यंतच्या बाळाचा श्वास मिनिटाला ५० किंवा त्याहून जास्त असेल, तर न्यूमोनियाची शंका धरून डॉक्टरांना दाखवावे, असा नियम आहे. वहीतल्या आकड्यावर बाळ घरीच राहिले असते. पूर्ण मिनिट मोजल्यामुळे ते त्याच दिवशी कामशेतला डॉक्टरांकडे गेले.

'पूर्ण एक मिनिट मोजावे' हे पुस्तकात छापलेलेच असते, त्या मुलीने ते पाठही केले होते. पण शेजारी शिकवणारी बाई उभी होती, म्हणून ते तिच्या अंगवळणी पडले. खरा मुद्दा हाच आहे. शिकाऊ मुलीमुळे रुग्णाला धोका नसतो. ती एकटी असेल, तर मात्र असतो.

आणि नेमके हेच आपल्याकडे बिघडले आहे. एका दवाखान्यात मी पाहिले, की पहिल्या वर्षाच्या दोन मुलींवर रात्रीचा अख्खा वॉर्ड सोपवला होता. त्यांच्या शिक्षिका दिवसभर कार्यालयात हजेरीपट आणि वह्या तपासण्यात गुंतलेल्या. दहा विद्यार्थिनींमागे एक शिक्षिका असावी, असा भारतीय परिचर्या परिषदेचा दंडक आहे. कागदावर तो पाळला जातो, पण वॉर्डात ती शिक्षिका दिसत नाही. नेमायच्या सिस्टरांचा पगार वाचवायचा आणि फी भरून शिकायला आलेल्या मुलींकडून ते काम करून घ्यायचे, याला शिक्षण म्हणत नाहीत. यात मुलीचेही नुकसान आणि रुग्णाचेही.

मग वाचकांनी काय करावे? शिकाऊ सिस्टर खाटेजवळ आली, तर तिच्यावर खेकसू नये. नाव आणि वर्ष विचारावे. इंजेक्शन, सलाईन किंवा नळी घालण्याचे काम असेल, तर "तुमच्या बाई कुठे आहेत?" असे सरळ विचारावे. बाई शेजारी असतील, तर हात निर्धास्त पुढे करावा. नसतील, तर "त्यांना बोलवा, मी थांबतो," असे म्हणावे. तिने हात धुतले का, हेही विचारण्यात गैर काही नाही. साबणाने नीट हात धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात. आणि मन तयारच नसेल, तर नाही म्हणण्याचा तुम्हाला अधिकार आहे. तेवढ्यावरून उपचार थांबवता येत नाहीत.

दवाखान्यांच्या विश्वस्तांना आणि देणगीदारांनाही एक विनंती. इमारतीवर नाव कोरण्यासाठी पैसे देणारे पुष्कळ आहेत. वॉर्डात मुलींबरोबर उभ्या राहणाऱ्या एका शिक्षिकेच्या पगाराची सोय कोणी केली, तर त्याचे पुण्य कमी नाही.

बेडशासारख्या गावात आजारी माणसापाशी डॉक्टरांच्या आधी पोहोचते ती बहुधा परिचारिकाच. ती बाळाचे श्वास कसे मोजेल, हे आज तिच्याजवळ कोण उभे आहे यावर ठरते. म्हणून शिकाऊ सिस्टरला हाकलून देऊ नका; तिच्या बाईंना मात्र जरूर बोलवा.