फोकस म्हणजे चूल

घरात दहावी-बारावीचे वर्ष असले की जळगाव-धुळ्याकडे एक इंग्रजी शब्द दिवसातून दहा वेळा ऐकू येतो. "बेटा, फोकस कर!" मुलगा उर्दू शाळेतला असो की मुलगी मराठी शाळेतली, अम्मीचा शब्द तोच. या महिन्यात आम्ही तोच घेतला आहे.

'फोकस' मूळचा लॅटिन आणि त्याचा अर्थ चूल. अगदी लाकडे घालून पेटवायची चूल. आग या अर्थाचे इटालियन 'फुओको' आणि स्पॅनिश 'फुएगो' हे शब्द त्याच्यापासूनच झाले.

मग चुलीचा अभ्यासाशी संबंध कसा आला? वाट उजेडातून जाते. खान्देशच्या उन्हात भिंगाने कागद जाळून पाहिला नाही असे पोर विरळाच. अंगणभर पडलेले ऊन कागदाला काही करीत नाही. तेच एका ठिपक्यावर गोळा झाले की धूर निघतो. जर्मन खगोलशास्त्रज्ञ केपलर यांनी १६०४ साली प्रकाशावरील ग्रंथात, लंबवर्तुळासारख्या वक्रांतल्या ज्या बिंदूंशी किरणांचे असेच नाते असते, त्यांना 'फोकस' हे नाव दिले. त्याच्या सहाशे वर्षे आधी बसऱ्यात जन्मलेल्या इब्न अल-हैसम यांनी जाळणाऱ्या आरशांवर लिहून ठेवले होते. त्यांचा 'किताब अल-मनाज़िर' १५७२ मध्ये बासेलला लॅटिनमध्ये छापला गेला. (आपल्या मुलांच्या कानावर हे नाव घरीच घालावे लागते.) 'फोकस करणे' हे क्रियापद इंग्रजीत आले ते आधी दुर्बिणी-भिंगांसाठी, मनाला ते नंतर लागले.

उर्दूतला 'तवज्जोह' अरबी 'वज्ह' म्हणजे चेहरा यावरून आला. तवज्जोह देणे म्हणजे तोंड तिकडे वळवणे. नमाजच्या नियतीतही तोंड काबा शरीफकडे असल्याचे आपण म्हणतोच. आम्हाला हा शब्द अधिक जवळचा वाटतो. विखुरलेले मन गोळा करणे मुलाला दरवेळी जमत नाही, पण तोंड वळवणे जमते.

तरी चूल सोडवत नाही. उघड्या वाऱ्यावर कपाशीच्या काड्या कितीही घाला, भाकरीचा तवा नीट तापत नाही, हे घरातल्या नानीला विचारा. चुलीला तीन बाजूंनी आडोसा लागतो. आपण मुलाला 'फोकस कर' म्हणतो तेव्हा टीव्ही चालू असतो, अब्बांचा मोबाईल वाजत असतो, दारात मेहमान असतात. एका खोलीच्या घरात आडोसा करणे सोपे नाही, हे आम्ही जाणतो. पण मगरिबपासून इशापर्यंत टीव्ही बंद ठेवणे त्या खोलीतही जमते.