खरेदीखत झाले, भिंत पडली, भुर्दंड कोणाचा?

मृगाच्या दुसऱ्याच पावसात घराची मागची भिंत बसली. घर घेऊन जेमतेम दोन महिने झालेले. घेणारा कोरडवाहू शेतकरी. बैलजोडी विकून आणि बायकोचे डाग मोडून त्याने पैसे उभे केले होते. गडी विकणाऱ्याच्या दारात गेला, तर उत्तर मिळाले, ‘‘खरेदीखत झालं, किल्ली दिली. आता घर तुझं आन् भिंत बी तुझी.’’ पण उभ्या राहिलेल्या तुकड्यावरचा नवा गिलावा खरवडला, तेव्हा आत पंजा शिरेल एवढी जुनी भेग निघाली. चैत्रात गिलावा कशासाठी केला होता, ते तेव्हा कळले.

चावडीवर यावरून दोन तट पडले. काही म्हणाले, बघून घ्यायचं होतं. काही म्हणाले, फसवलं. आमच्या मते दोघांच्याही बोलण्यात अर्धे खरे आहे.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ चा. त्याचे कलम ५५ सांगते की, विकणाऱ्याला ठाऊक असलेला, घेणाऱ्याला ठाऊक नसलेला आणि साधारण काळजीने पाहूनही न दिसणारा मोठा दोष विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. न सांगणे ही फसवणूक धरली जाते. म्हणजे भेग गिलाव्याखाली दडपली, वाळवीने पोखरलेल्या तुळईला रंग फासला, तर खरेदीखत झाले म्हणून सुटका नाही. ‘आहे त्या स्थितीत’ हे शब्द कागदावर आहेत, म्हणून जाणूनबुजून लपवलेले पचेल, असे कोणी समजू नये.

पण त्याच कलमाची दुसरी बाजूही आहे. मालकी गेल्यानंतर घराची जी पडझड होईल, ती घेणाऱ्याने सोसायची. फुटके पत्रे, तुंबलेली मोरी, कलंडलेली चौकट उघड्या डोळ्यांना दिसत होती, तर त्यासाठी दर पावसाळ्यात विकणाऱ्याच्या दारात जाता येणार नाही. इसारापासून ताबा देईपर्यंत मात्र घर नीट सांभाळणे विकणाऱ्याकडे असते. इसार घेऊन मागाहून पत्रे आणि दारे काढून नेणारे महाभाग आहेत. त्यांनी हे ध्यानात ठेवावे. खरेदीच्या तारखेपर्यंतची घरपट्टीही, वेगळे ठरले नसेल तर, विकणाऱ्यानेच भरायची.

शहरात बिल्डरकडून नवा फ्लॅट घेणाऱ्याला २०१६ च्या रेरा कायद्याचा आधार आहे. ताबा दिल्यापासून ५ वर्षांत बांधकामाचा दोष निघाला, तर बिल्डरने तो पदरच्या खर्चाने दुरुस्त करायचा. गावठाणातल्या जुन्या घराला ही सोय नाही. तिथे घेणाऱ्याला कोर्टाची पायरी चढावी लागते, आणि ‘विकणाऱ्याला हे ठाऊक होते’ हे शाबीत करावे लागते. ते कशाने करणार? आपल्याकडे व्यवहार होतो तोंडी, भिडेपोटी, भावकीच्या साक्षीने. खरेदीखतात चतुःसीमा असते, रक्कम असते. घराच्या तब्येतीबद्दल एक ओळ नसते. खरे दुखणे इथे आहे.

आणखी एक. आपल्याकडची पुष्कळशी घरे पाडवा ते अक्षय तृतीया या दिवसांत विकली जातात. उन्हाळ्यात ओल दिसत नाही, गळती दिसत नाही. काळ्या जमिनीवर पाया उथळ असला, तर माती उन्हात आकसते आणि पावसात फुगते, भिंत हलते. हे गवंड्याला कळते, आपल्याला नाही. म्हणून इसार देण्याआधी एका जाणत्या गवंड्याला घर दाखवावे. त्याची एक दिवसाची मजुरी भिंतीपेक्षा स्वस्त पडते. पाऊसकाळात छत कुठे गळते, ते शेजाऱ्याला विचारावे. मग इसार पावतीतच लिहून घ्यावे : कोणते दोष सांगितले, कोणती दुरुस्ती कोण करणार, आणि जमत असेल तर थोडी रक्कम दिवाळीपर्यंत मागे ठेवणार. तेच खरेदीखतातही उतरवावे.

विकणाऱ्यांनो, यात तुमचेही हित आहे. सांगून विकलेल्या दोषाबद्दल उद्या कोणी तुम्हाला कोर्टात खेचू शकणार नाही. चार पैसे कमी येतील, पण झोप लागेल.

आणि सरपंच, पोलीस पाटील मंडळींना एक विनंती. नमुना ८ वर नाव लागले, म्हणजे घर धड असल्याचा दाखला मिळाला असे नव्हे, हे लोकांना सांगा. साक्षीदार म्हणून सही करण्याआधी दोघांना समोर बसवून एवढेच विचारा, ‘‘बाबा, घरात खोट काय आहे?’’ हा प्रश्न चैत्रात विचारला गेला असता, तर मृगात त्या गड्याची लेकरे दुसऱ्याच्या ओसरीवर झोपली नसती.